पडद्यावरचा दाखला

आमचा बा सिनेमात रडायचा. डोळ्यांच्या कडा ओल्या होणं वगैरे नव्हे, चांगलं उपरण्यात तोंड खुपसून हुंदके द्यायचा. नायक-नायिकेची ताटातूट झाली की रडायचा, भेट झाली की रडायचा, आणि नायिकेचा बाप आडवा आला की रडणं थांबवून त्या बापाला शिव्या घालायचा. एकदा तर भर तंबूत मोठ्यानं म्हणाला, हा म्हातारा मरत कसा न्हाय. सगळे हसले. पडद्यावरचा तो म्हातारा वयानं बाहून लहानच असेल.

हे मी मुद्दाम आधी सांगून ठेवते, कारण पुढं ह्याच माणसानं माझं लग्न अडवलं. आणि अडवलं ते सिनेमाचाच दाखला देऊन. दाखला हा शब्द मी अगदी विचार करून वापरतेय, त्याचं कारण कळेलच.

माझ्या नाती हल्ली मला छेडतात, आजी, तुमचं म्हणे लव्ह मॅरेज. मी म्हणते, गप बसा, आमचं सरकारी मॅरेज. त्यांना वाटतं आजी विनोद करते.

आमचं गाव माणगावपासून तळा गावाच्या रस्त्याला, चालत जाण्याच्या अंतरावर. भातशेतीचं गाव. देश स्वतंत्र झाला तेव्हा मी शाळकरी पोर होते, आणि त्याच सुमाराला दरवर्षी भाताची झोडणी उरकली की माणगावच्या माळावर सिनेमाचा तंबू यायला लागला. तंबू म्हणजे वर कापड, खाली माती, मागे दोन ओळी खुर्च्या. खुर्च्यांवर मामलेदार, फौजदार, डॉक्टर आणि ज्यांना फुकट पास द्यावाच लागतो अशी माणसं. पुढं जमिनीवर आपण सगळे. त्यातही मधोमध कमरेइतकी कनात बांधलेली, डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. आता गंमत बघा. पडद्यावर दोघं जणं एकाच सायकलवर बसून गाणं म्हणत चाललीत, आणि ते बघायला आलेली नवराबायको कनातीच्या दोन बाजूंना. घरी परततानासुद्धा बा कंदील घेऊन पुढं आणि आई मागे, मला हाताला धरून. उजेड सगळा बाच्या पायात, ठेचा सगळ्या आमच्या वाट्याला.

मुख्य सिनेमाच्या आधी सरकारी बातमीपट दाखवावाच लागे. कुठं धरण बांधतायत, कुठं कारखान्याची भट्टी पेटतेय, कुठं पुढारी फीत कापतोय. एक भारदस्त आवाज हिंदीतून सगळं समजावून सांगायचा. पोरं शिट्या मारायची, बायका पानाच्या पिशव्या उघडायच्या. पण बा मात्र मांडी घालून, टोपी नीट करून बसायचा. सरकार बोलतंय तर आपण ऐकावं, एवढंच त्याचं म्हणणं.

बातमीपट संपला की पडद्यावर एक कागद यायचा. इंग्रजी मजकूर, खाली सह्या, शिक्का. क्षणभर दिसायचा आणि जायचा. बानं पहिल्याच वर्षी शेजारी बसलेल्या मास्तरांना विचारलं होतं, हे काय असतं? मास्तरांना सिनेमाची घाई. ते म्हणाले, सरकारी दाखला आहे, सरकारनं पास केल्याशिवाय काही दाखवता येत नाही. झालं. बाला दाखला म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं. जन्माचा दाखला असतो, शाळा सोडल्याचा दाखला असतो, तलाठ्याकडचा दाखला असतो. दाखला माणसांचा असतो. मग सिनेमात पास कोणाला करायचं? तर त्या दोघांना. एक तरणा पोरगा आणि एक तरणी पोरगी कोणी मोठं माणूस बरोबर नसताना बागेत फिरतात, हात धरतात, गाणी म्हणतात, ते काय उगाच? आधी सरकारकडून दाखला आणलाय त्यांनी. तो सगळ्या लोकांना दाखवलाय. मगच फिरतायत.

दाखल्याच्या मागोमाग जी लांबलचक नावं यायची, ती त्याच्या हिशेबानं साक्षीदारांची होती.

आईला हे पटत नव्हतं. वाटेनं ती कुरकुरायची की त्या बाईच्या गळ्यात मंगळसूत्र कुठं होतं? बा कंदील थांबवून मागे वळायचा आणि समजूत घालायचा, अगं सरकारी लग्नात ते नसतं. आई म्हणायची, मग शेवटाला मांडव कशाला घातला? त्यावरही बाजवळ उत्तर तयार. गावजेवण राहिलेलं असतं ना, ते शेवटाला घालतात. आई एवढंच म्हणायची की हिला एकदा तरी भांडी घासताना दाखवा, मग मी मानीन.

मीही कितीतरी वर्षं हेच खरं धरून चालले होते. सातवीची फायनल पास झाले, मास्तरणीच्या शिक्षणासाठी अलिबागला गेले, तिथं इंग्रजी अक्षरं लावायला शिकले आणि एके दिवशी थिएटरात तो कागद वाचला. त्या जोडप्याचं नाव नाही, गाव नाही. तो सगळा सिनेमाचाच दाखला, इतक्या लांबीची फिल्म आम्ही तपासली, दाखवायला हरकत नाही, असा. मला इतकं हसू आलं की शेजारच्या मैत्रिणीनं चिमटा काढला. घरी आल्यावर बाला सांगितलं मात्र नाही. इतक्या वर्षांचं त्याचं सुख, मी कोण ते मोडणार?

माणगावच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली. पगार घरी, मान गावात, आणि माझं तोंड जिथंतिथं. माझ्या तोंडाबद्दल आईला फार काळजी होती, हिला कोण करून घेणार म्हणायची. तिला काय माहीत, त्या तोंडानंच काम केलं.

झालं असं की धरणावरचा एक बातमीपट पोरींना दाखवायचा असं शाळेनं ठरवलं. दुपारचा खेळ, तंबूत. मी तिसरीच्या पोरींची रांग घेऊन दाराशी उभी, आणि आत सोडायला एक कारकून तयार नाही. मामलेदार कचेरीतला. करमणूक कर बुडत नाही ना हे बघायला ह्यांना तंबूच्या दाराशी उभं करायचे. पांढरा सदरा, काखेत छत्री, हातात तिकिटांचा गठ्ठा. म्हणे तिकिटांवर कराचा शिक्का नाही. मी म्हटलं, हे सरकारचंच चित्र, सरकारचीच शाळा, सरकारच्याच पोरी, मग सरकार स्वतःकडून स्वतःच कर घेणार का? ते म्हणाले, नियम आहे. मी म्हटलं, नियमाला सांगा पोरी उन्हात उभ्या आहेत. पाठीमागून पोरी खिदळायला लागल्या. हे गृहस्थ लाल झाले, मग हसले, आणि स्वतःच आत जाऊन मॅनेजरकडून शिक्के मारून घेऊन आले. एकेका पोरीच्या हातात तिकीट देताना प्रत्येकीला म्हणत होते, तुमच्या बाईंना सांगा, सरकार नमलं.

आमच्या प्रेमात सरकार हे असं पहिल्याच रिळात आलं. सिनेमात ते अगदी शेवटी यायचं, इन्स्पेक्टर नाहीतर न्यायाधीश होऊन.

पुढचं काय सांगू? सिनेमातल्यासारखं काही घडायला माणगावात जागा तरी हवी. बाग म्हणजे कचेरीमागची दोन आंब्याची झाडं, आणि त्यांच्याखाली पट्टेवाला बिडी ओढत बसलेला. सायकल होती, पण त्यांना ती चालवता येत नव्हती, सरकारी कामाला ते हातात धरून न्यायचे. आवाज म्हणाल तर बोलतानाच बेसूर. आम्ही बोलायचो ते पोस्टात, एस.टी. स्टँडवर, शाळेच्या फाटकाशी, चार माणसांत उभं राहून. ते मला 'बाई' म्हणायचे आणि मी त्यांना 'कारकूनसाहेब'. खरा एकांत मिळायचा तो भरलेल्या तंबूत. यंत्र एकच, त्यामुळे दर रिळाला खेळ थांबे आणि दिवे लागत. मी बायकांत बसलेली, ते मागे खुर्चीवर. दिवे लागले की मी मान वळवायची आणि ते तिकिटं मोजायचं नाटक थांबवायचे. एवढंच. पडद्यावर ती दोघं जवळ आली की मध्येच दोन फुलं दाखवायचे, वाऱ्यानं एकमेकांवर आपटणारी. सगळा तंबू 'आऽऽ' करायचा. मला त्या फुलांचा भारी राग यायचा. एवढं बांधून, सजवून, गाऊन आणलंत त्यांना जवळ, आणि ऐन वेळी फुलं काय दाखवता मेल्यांनो.

ते अलिबागजवळच्या किनाऱ्यावरचे. घरात होडी, जाळी. आई बाजारात मासे विकायला बसणारी. आम्ही आतल्या मुलखातले शेतकरी. म्हणजे जात वेगळी, हे सांगायला नको. त्यांच्या घरी वडील नव्हते आणि आईनं ऐकून एवढंच विचारलं की पोरीला मासे साफ करता येतात का. आमच्या घरी मीच तोंड उघडायचं होतं.

जेवणं झाल्यावर मी बाला सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, कोण, कुठला, काय करतो, जात कोणती, सगळं. मला वाटलं, इतक्या लोकांच्या पोरींसाठी ज्यानं उपरणी भिजवली तो स्वतःच्या पोरीसाठी निदान एक हुंदका देईल. बा उठला आणि गोठ्यात गेला. आईनं कपाळाला हात लावला. मग कितीतरी दिवस बा माझ्याशी बोलला नाही, आणि ह्यांचा विषय निघालाच तर 'तो तिकिटवाला' म्हणायचा. त्या साली तंबू आला, गेला, बा तिकडे फिरकला नाही.

शेवटी मीच भांडले. म्हटलं, बा, सिनेमातल्या पोरीनं असं केलं की तू तिच्या बापाला शिव्या घालतोस. मग मी काय घोडं मारलं?

बा ओसरीवर दोर वळत बसला होता. हात न थांबवता म्हणाला, "त्यांचं येगळं. त्यांचा दाखला आदी येतो, मग ती फिरतात. तुमी आदी फिरलात."

माझ्या ओठांवर आलं होतं. बा, तो दाखला त्यांचा नाही रे, तो फिल्मचा. आलं होतं, पण मी ते गिळलं. रागाच्या भरात असूनही मला दिसलं की बानं जातीचं नाव घेतलं नव्हतं. गाव काय म्हणेल, हेही बोलला नव्हता. तो फक्त कागद मागत होता. दार सगळं लावून घेतलेलं आणि एवढीच एक फट ठेवलेली, तीही त्याच्या एका खुळ्या समजुतीनं. ती समजूत मी खोडली असती तर मग काय उरलं असतं?

दुसऱ्या दिवशी पोस्टाच्या पायरीवर मी हे ह्यांना सांगितलं. आधी ते इतके हसले की पोस्टमास्तर बाहेर डोकावले. मग गंभीर झाले. म्हणाले, बाई, तसा दाखला असतो. नवा कायदा आलाय. वेगळ्या जातीची, वेगळ्या धर्माची माणसंसुद्धा सरकारी अधिकाऱ्यासमोर लग्न करू शकतात, आणि त्याचा शिक्क्याचा दाखला मिळतो. अलिबागला. मला आधी वाटलं थट्टा करतात. त्यांनी मला सगळं नीट समजावलं. अर्ज द्यायचा, मग कचेरीच्या फळ्यावर नोटीस लागते, महिनाभर थांबायचं, कोणाची हरकत आली नाही तर तीन साक्षीदारांसमोर लग्न.

एक गोष्ट इथं स्पष्ट सांगते. मी बाला न विचारता लग्न करू शकत होते. वय होतं, नोकरी होती. पण मला बासुद्धा हवा होता. त्याला सोडून मिळणारं लग्न मला सिनेमातल्या त्या दोन फुलांसारखं वाटलं असतं, नुसतं नावाला. आणि ह्यांनाही सोडायचं नव्हतं. असा सगळा घोळ. घरी मी एवढंच सांगितलं की आम्ही दाखल्यासाठी अर्ज दिलाय. बाला बहुतेक वाटलं, असा दाखला ह्या दोघांना कोण देतोय.

तेव्हाचा कुलाबा जिल्हा म्हणजे आजचा रायगड. जिल्ह्याची सगळी कोर्टकचेऱ्यांची कामं अलिबागला. आमच्या गावचा एक जण जमिनीच्या तारखेला तिथं गेला आणि फळ्यावरची नोटीस बघून आला. त्यानं फळा बघितला, माझं नाव बघितलं, शिक्का बघितला, आणि गावात येऊन सांगितलं की हिच्यावर अलिबागच्या कोर्टात केस झालीय. गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? पोरीनं काय केलं असेल ह्यावर विहिरीवर चर्चा सुरू. आईच्या तोंडचं पाणी पळालं. मी शाळेत होते. बा त्याच दिवशी कुणाला न सांगता एस.टी.त बसला.

तिथं काय घडलं ते त्यानं आईला सांगितलं आणि आईनं मला, फार वर्षांनी. बा फळ्यापुढं उभा राहिला, पण वाचता कुठं येत होतं? बाहेर झाडाखाली अर्ज लिहून देणारा एक जण बसलेला असतो, त्याला त्यानं हाताला धरून आणलं. त्यानं वाचून दाखवलं. केस नाही, लग्नाची नोटीस आहे. बानं सांगितलं, मग माझी हरकत लिही. तो म्हणाला, कारण सांगा. मुलाची आधीची बायको आहे? न्हाय. दोघांपैकी कोणी वेडं आहे? न्हाय. वय कमी आहे? नात्यात येतात? न्हाय, न्हाय. मग काय? जात, बा म्हणाला. त्या माणसानं लेखणी खाली ठेवली, जातीचं चालत नाही आता, असं त्यानं सांगितलं. बानं विचारलं, मग सरकार पोरीच्या बापाला इचारतं तरी काय?

"काही विचारत नाही," तो म्हणाला. "बापाचं फक्त नाव लिहितं."

आई सांगायची, ह्या वाक्यापाशी बा प्रत्येक वेळी थांबायचा. मग पुढचं सांगायचा. त्यानं त्या माणसाला विचारलं, कुठं लिहिलंय? त्यानं बोट ठेवून दाखवलं, माझ्या नावाच्या पुढं, तुमचं नाव. बानं त्याच्याकडून ती सगळी नोटीस पुन्हा वाचून घेतली, दोन्हींकडची नावं, बापांची नावं, गावं. मग तिथंच पायरीवर बसून राहिला. शेवटच्या गाडीनं घरी आला आणि जेवला नाही.

मला तेव्हा ह्यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की बा दिवसेंदिवस गप्प होतोय. रोज वाटायचं आज हा हरकत घेईल, उद्या घेईल. महिना सरला. हरकत आली नाही.

लग्नाची तारीख मी घरी सांगितली होती. त्या दिवशी सकाळी बा आमच्या उठण्याआधीच बैल घेऊन शेतावर गेला. मी थोडा वेळ वाट बघितली, मग बघवेना. आईनं माझ्या हातावर दही ठेवलं, माझ्या हातातल्या काचेच्या बांगड्या सारख्या केल्या आणि दारात उभी राहिली. तिला यायचं होतं. बाला सोडून ती येणार नाही हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. वडखळला गाडी बदलून अलिबागला पोचेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत रडत होते. शेजारच्या बाईला वाटलं, सासरी चाललीय. चुकीचं नव्हतं ते.

कचेरीतली ती खोली म्हणजे कपाटं, फायली, एक टेबल. सिनेमात असं लग्न कधी दाखवलेलं नव्हतं, नाहीतर मी थोडी तयारी केली असती. ह्यांची आई हिरवं लुगडं नेसून, केसात अबोली माळून बाकावर बसली होती. ह्यांचे तीन मित्र साक्षीला. विवाह अधिकारी वयस्क, चष्म्यातून बघणारे, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही असे. सह्या झाल्या. मग ते म्हणाले, आता दोघांनी एकमेकांना उद्देशून तोंडी सांगायचं. मी अमुक, तुम्हाला, तमुक ह्यांना, कायदेशीर पती म्हणून स्वीकारते. नावानिशी, सगळ्यांना ऐकू येईल असं.

ह्यांनी आपलं वाक्य सरकारी हुकूम वाचावा तसं घडाघडा म्हटलं. माझी पाळी आली.

आणि माझं तोंड, जे मामलेदार कचेरीला नमवून आलं होतं, ते बंद पडलं. नाव घ्यायचं. नवऱ्याचं. माझ्या आईनं जन्मात बाचं नाव घेतलं नव्हतं. बाच्या नावाचं धान्य होतं एक, त्यालाही ती दुसरंच काही म्हणायची. मी शिकलेली, मास्तरीण, पोरींना सांगणारी की हे सगळं खुळं आहे. पण ते सांगणं घशाच्या वर असतं आणि हे घशाच्या खाली. तरी जोर केला, आणि जोर केल्यावर जे बाहेर आलं तो उखाणा होता. कचेरीच्या अंगणात पिंपळाची सावली, असं काहीतरी मी सुरू केलं आणि पुढं यमक शोधायला लागले.

कोपऱ्यातला कारकून फिसकन हसला. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. म्हणाले, बाई, कायद्यात उखाणा बसत नाही. साधं वाक्य सांगा. ह्यांची आई मध्ये पडली, अहो घेते की ती, उखाण्यात घेतलं तरी नावच ना ते? अधिकारी म्हणाले, यमकासाठी घेतलेलं नाव म्हणजे संमती कशी धरायची? वाद सुरू झाला. ह्यांचे मित्रही त्यात पडले. मी तिथं अर्धा उखाणा घेऊन उभी.

तेवढ्यात दाराशी पट्टेवाला कुणाला तरी अडवत होता. बघते तो बा. धुवट धोतर, टोपी, खांद्यावर उपरणं. माझ्या मागची गाडी धरून आला होता. बैल त्यानं पहाटेच शेजाऱ्याच्या ताब्यात दिले होते, हे नंतर कळलं. ह्यांचा चेहरा उतरला. अधिकाऱ्यांनी विचारलं, आपण कोण? बानं सांगितलं, पोरीचा बाप. त्यांनी विचारलं, काही म्हणायचं आहे का आपल्याला?

बा दोन पावलं आत आला. सरकारपुढं उभं राहताना राहायचा तसा, टोपी नीट करून. माझ्याकडं बघितलं नाही. ह्यांच्याकडं बघितलं आणि ह्यांचं नाव घेतलं. ज्याला इतके महिने तिकिटवाला म्हणत होता त्याचं नाव, त्याच्या मेलेल्या बापाचं नाव, आडनाव, सगळं, एकही अक्षर न अडखळता. फळ्यावर होतं तसं, त्यानं पाठ करून ठेवलेलं.

मग मला म्हणाला, "आता माझ्या मागनं म्हण."

तो एकेक शब्द म्हणत गेला आणि मी त्याच्या मागून म्हणत गेले, पाढे म्हणावेत तसे. पहिलं नाव म्हणताना माझा आवाजच फुटला नाही, तर बानं तेच पुन्हा म्हटलं. आडनावापर्यंत मी मोठ्यानं बोलत होते. पुढचं वाक्य माझं मीच पूर्ण केलं. अधिकाऱ्यांनी चष्मा लावला आणि लिहायला घेतलं. ह्यांच्या आईनं बाला बाकावर जागा करून दिली आणि बा तिच्या शेजारी, मधे कनात वगैरे काही नसताना, अवघडून बसला.

सगळं उरकल्यावर बानं अधिकाऱ्यांना दाखला मागितला. ते म्हणाले, नोंद झाली, नक्कल काही दिवसांनी येऊन घेऊन जा. बा एकदम रागावला. आज न्हाय? मग एवढी मानसं कशाला बोलावलीत? ह्यांनी त्याची समजूत घातली, मी इथलाच, मी आणून देतो. बानं ते ऐकून घेतलं. ह्यांचं बानं ऐकून घेतलेलं ते पहिलंच.

बाहेर आवारात आलो. ऊन लागत होतं. ह्यांच्या आईनं पेढे काढले. मी बाच्या पाया पडले, तर त्यानं मला उठवून थोडं बाजूला नेलं. मला वाटलं, आता बोलेल. एवढे महिने साठवलेलं सगळं बोलेल, आणि बोलू दे, मी ऐकून घेईन. त्यानं ह्यांच्याकडं एकदा बघितलं, ते ऐकत नाहीत ना ह्याची खात्री केली आणि आवाज खाली आणला.

"सरकारनं सांगितलं म्हणून घेतलंस, तेवढं बास," तो म्हणाला. "पुना घेऊ नकोस त्याचं नाव. आयुष्य कमी व्हतं मानसाचं."

मला हुंदका आवरेना. भर आवारात, येणारी-जाणारी माणसं बघत असताना, मी बाच्या उपरण्यात तोंड घालून रडले. मग त्याला सांगितलं, नाही घेणार.